तीन वर्षांचे एक खाते



आजचा विषय आम्ही चालकांना कळविला, तेव्हा त्यांच्यापैकी एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "जे खाते अवघी तीन वर्षे टिकले, आणि तेही ऑस्ट्रेलियात, त्यावर दोंडाईच्यात तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल आम्ही त्यांना आमचीच एक जुनी फजिती सांगितली, आणि तिनेच आज सुरुवात करतो.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेच्या मदतीसाठी आम्ही चार मित्रांनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरविला. तिकिटे छापली. कोणीतरी बजावले, की 'करमणुकी'च्या सरकारी कचेरीत गेल्याशिवाय कार्यक्रम करता येणार नाही. तरुण वय होते. आम्हांस वाटले, सरकारात करमणुकीचीही कचेरी आहे, तर तेथे कोणी रसिक गृहस्थ असतील, दोन सूचना करतील, एखादे सभागृह सुचवतील. गेलो तो लोखंडी कपाटे, फायलींचे गठ्ठे आणि एक दमलेले कारकून. त्यांनी तिकिटांची पुस्तके मागितली, अनामत रक्कम किती ते सांगितले आणि प्रत्येक तिकिटावर शिक्का मारून घेण्यास फर्मावले. ती कचेरी करमणूक कराची होती! आमच्या करमणुकीशी सरकारचा संबंध एवढाच, की ती झाली तर तीवर कर घ्यावयाचा.

त्या कारकुनांचा काही दोष नव्हता. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ साली झाला. तेव्हापासून २०१७ च्या जुलैत तो कर वस्तू व सेवा करात विलीन होईपर्यंत, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षे, आपल्या राज्यात 'करमणूक' हा शब्द सरकारी पाटीवर जेथे ठळक दिसे ती जागा वसुलीची होती. बाकीची करमणूक कोठे कोठे वाटली गेली होती, ते पाहण्यासारखे आहे. कामगारांची करमणूक कामगार खात्याकडे. खेळ शाळांच्या खात्याला जोडलेले. नाटक-संगीत सांस्कृतिक कार्याकडे. आणि प्रवास पर्यटनाकडे. माणूस एकच, दिवसभर राबून संध्याकाळी जरा हातपाय पसरावे, वर्षातून एकदा गावाबाहेर पडावे, एवढीच त्याची इच्छा. पण सरकारच्या दारी ती इच्छा घेऊन गेला, तर त्याला चार खिडक्यांवर उभे राहावे लागे आणि पाचव्या खिडकीवर पैसे भरावे लागत.

या सगळ्या खिडक्या एका छपराखाली आणण्याचा प्रयत्न जगात कोणी केला का? केला. म्हणूनच त्या तीन वर्षांच्या खात्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

परंतु एकदम ऑस्ट्रेलियात जाण्यापूर्वी एक पायरी खालून चढू या. विरंगुळा हा सरकारने लक्ष घालण्याजोगा विषय आहे, हा विचार मुळात आला कोठून? तो आला राबणाऱ्यांकडून. आपल्याच महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. वर्षानुवर्षे अर्ज, सभा, सह्या चालल्या, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या आधी गिरणी कामगाराला आठवडा हा शब्दच नव्हता असे म्हटले तरी चालेल. होता तो एकामागून एक दिवस. ज्यांना आज रविवार हा पंचांगातूनच आला असे वाटते, त्यांनी लोखंड्यांचे स्मरण ठेवावे.

पर्यटनाचे खाते मात्र दुसऱ्याच वाटेने आले. १९०१ साली न्यूझीलंडने प्रवासी व आरोग्यस्थाने यांचे एक सरकारी खाते काढले. जगातले अशा जातीचे पहिले खाते तेच मानले जाते. तेथे रोटोरुआ गावी गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्याकडे खानदेशात उनपदेवला आहेत तसेच, पण वाफेचे आणि चिखलाचे पुष्कळ मोठे. परदेशचा श्रीमंत प्रवासी यावा, झऱ्यात डुंबावा, पैसा सोडून जावा, हा हेतू. यात गैर काही नाही. पण ध्यानात असू द्या, की येथे पाहुण्याचा विचार आधी आहे, घरच्या माणसाचा नाही.

घरच्या माणसाचा विचार झाला तो फ्रान्समध्ये, १९३६ साली. तेथे डाव्या पक्षांच्या आघाडीचे सरकार आले. त्याने आठवड्याचे काम चाळीस तासांवर आणले, आणि प्रत्येक कामगाराला वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. लिओ लाग्रांज नावाच्या एका तरुण पुढाऱ्याकडे क्रीडा आणि फावल्या वेळाची व्यवस्था हा विषय सोपविला. त्याने आगगाडीचे सवलतीचे रजातिकीट काढले, भाड्यात शेकडा चाळीस सूट. त्या उन्हाळ्यात ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी कामगार कुटुंबे डबे बांधून समुद्रावर गेली. विरोधकांनी त्या कचेरीला नाव काय ठेवले? 'आळसाचे खाते'! लाग्रांज १९४० साली युद्धात मारला गेला. रजा मात्र उरली, आणि पुढे वाढतच गेली.

आता ऑस्ट्रेलिया. २ डिसेंबर १९७२ रोजी तेथे निवडणूक झाली आणि तेवीस वर्षांनी मजूर पक्ष सत्तेवर आला. पंतप्रधान गॉफ व्हिटलम. उंचापुरा, वाक्पटू आणि घाईचा माणूस. घाई इतकी, की पूर्ण मंत्रिमंडळ निवडून येईपर्यंत थांबवेना. व्हिटलम आणि त्यांचे सहकारी लान्स बार्नार्ड या दोघांनीच सत्तावीस खाती आपसात वाटून घेतली आणि दोन आठवडे सारे राज्य दोघांनी चालविले! मग १९ डिसेंबरला पुरे मंत्रिमंडळ आले, आणि त्याच दिवशी जी नवी खाती निघाली, त्यांत एक होते पर्यटन व मनोरंजन खाते. मंत्री फ्रँक स्ट्युअर्ट. हे गृहस्थ तरुणपणी सिडनीत रग्बी खेळलेले.

या खात्यामागे व्हिटलम यांचा एक विचार होता. निवडणुकीच्या भाषणातच त्यांनी सांगितले होते, की वाढत्या फावल्या वेळाचा चांगला उपयोग कसा व्हावा, यापेक्षा मोठा सामाजिक प्रश्न देशापुढे नाही. आपल्याला हे ऐकून हसू येईल. आपल्याकडे तेव्हा, १९७२ मध्ये, महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती. फावला वेळ हा प्रश्न कोणाला? पण व्हिटलम यांचे म्हणणे नीट ऐकले, तर ते श्रीमंतीतून आलेले नव्हते. मोठ्या शहरांच्या भोवती नव्या वस्त्या वाढत होत्या. तेथे कामगारांना घरे मिळाली. पण सांडपाण्याची सोय नाही, वाचनालय नाही, पोहण्याचा तलाव नाही, पोरांना मैदान नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आपला विरंगुळा विकत घेतो. ज्याच्याजवळ नाही, त्याचा विरंगुळा तो राहतो त्या जागेवर अवलंबून असतो. म्हणून जागा सुधारणे हे सरकारचे काम, हा त्या विचाराचा गाभा होता.

खात्याने तीन गोष्टी केल्या, त्या सांगतो. पहिली, जॉन ब्लूमफील्ड या प्राध्यापकांकडून देशातील मनोरंजन व खेळ यांची स्थिती आणि भविष्य यांवर अहवाल करवून घेतला. तो १९७३ मध्ये आला. खेळाडूंच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था हवी, अशी त्यात सूचना होती. १९७५ मध्ये त्याच प्रश्नावर कोल्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने आणखी एक अहवाल दिला. दुसरी, राज्यांना आणि गावोगावच्या नगरसभांना मैदाने, सभागृहे, तलाव बांधण्यासाठी अनुदान दिले. हे अनुदान सबंध खर्चाचे नसे; एक वाटा वरून, बाकी गावाने उभारावयाचा. तिसरी गोष्ट कागदावर न दिसणारी: पर्यटन आणि मनोरंजन ही दोन नावे एका पाटीवर लिहिली. बाहेरचा प्रवासी आणि घरचा रहिवासी या दोघांची काळजी एकाच मंत्र्याने करावयाची. याच सरकारने आपल्या नोकरांची वार्षिक रजा चार आठवड्यांची केली.

आणि मग? ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी व्हिटलम सरकारला बडतर्फ केले. अर्थसंकल्प वरच्या सभागृहात अडला होता, महागाई भडकली होती, सरकारची भानगडी-प्रकरणेही गाजत होती. कारणे पुष्कळ, आणि तो वाद तेथे पुढेही चालूच राहिला. १३ डिसेंबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाचा मोठा पराभव झाला. २२ डिसेंबरला माल्कम फ्रेझर यांचे नवे मंत्रिमंडळ आले आणि आमचे हे खाते मोडीत निघाले. जन्म १९ डिसेंबर १९७२, अंत २२ डिसेंबर १९७५. तीन वर्षे आणि तीन दिवस.

खाते मोडले म्हणजे कामे नाहीशी होत नाहीत. ती कोठेतरी जातात. ही कोठे गेली पाहा. पर्यटन गेले उद्योग व वाणिज्य खात्यात. मनोरंजन गेले पर्यावरण, गृहनिर्माण व समाजविकास खात्यात. म्हणजे पुन्हा ताटातूट: पाहुणा व्यापाऱ्याकडे, घरचा माणूस घरबांधणीकडे. खर्चाला कात्री लागली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, माँट्रिअलच्या ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाचा संघ गेला तो एकही सुवर्णपदक न घेता परतला: एक रौप्य, चार कांस्य. ते रौप्य हॉकीचे होते, आणि त्याच हॉकीत आपला भारत सातवा आला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. दोन्ही देशांत हळहळ झाली. फरक एवढा, की त्यांच्याजवळ कपाटात ते दोन अहवाल तयार पडून होते. धूळ झटकली गेली, आणि २६ जानेवारी १९८१ रोजी कॅनबेऱ्यात राष्ट्रीय क्रीडासंस्था उघडली. ज्या सरकारने खाते मोडले, त्याच पक्षाच्या सरकारने त्या खात्याची सूचना अमलात आणली. पुढे १९८३ मध्ये मजूर पक्ष परत आला तेव्हा क्रीडा, मनोरंजन व पर्यटन असे खाते पुन्हा निघाले. तेही १९८७ मध्ये मोडले.

यावरून काय दिसते? खाते ही सरकारची वस्तू. ती सरकारबरोबर येते आणि जाते. त्याने केलेल्या कामांपैकी टिकले काय, तर दोन प्रकारची कामे. एक, नीट लिहून ठेवलेला विचार. दुसरे, गावाच्या नावावर चढलेली जागा. मैदान एकदा नगरसभेचे झाले, त्यावर पोरे खेळू लागली, की दिल्लीत म्हणा वा कॅनबेऱ्यात म्हणा, कोणते मंत्रिमंडळ आले याची त्या मैदानाला खबरही नसते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या देशात पर्यटनाचा विचार स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झाला. १९४५ मध्ये सर जॉन सार्जंट यांची समिती नेमली गेली. १९४९ मध्ये वाहतूक मंत्रालयात प्रवासी वाहतुकीची एक शाखा निघाली. १ मार्च १९५८ रोजी त्याच मंत्रालयाखाली पर्यटनाचे वेगळे खाते झाले. १९६६ मध्ये भारत पर्यटन विकास निगम निघाले, आणि १९६७ मध्ये पर्यटन व नागरी विमानवाहतूक असे मंत्रालय होऊन ते डॉ. करणसिंग यांच्याकडे गेले. पुढे कधी विमानांच्या शेजारी, कधी संस्कृतीच्या शेजारी, कधी स्वतंत्र, असे या खात्याचे बिऱ्हाड हलत राहिले. वाहतूक, विमाने, संस्कृती असे शेजारी मिळाले. मनोरंजन हा शेजारी मात्र कधी मिळाला नाही.

कारण सरळ आहे. १९५७-५८ ची ती वर्षे परकीय चलनाच्या टंचाईची. बाहेरून यंत्रे आणावयाची, धान्य आणावयाचे, आणि गंगाजळी आटलेली. अशा वेळी ताजमहाल आणि अजिंठा पाहावयास येणारा परदेशी प्रवासी म्हणजे चालती-बोलती हुंडी. १९५१ साली असे प्रवासी आले होते अवघे सोळा हजार आठशे एकोणतीस. एवढी माणसे आमच्या खानदेशातल्या एखाद्या बऱ्या यात्रेला एका दिवसात जमतात! पण यात्रेतली माणसे डॉलर आणत नाहीत. ती भाकरी बांधून आणतात. म्हणून खात्याची नजर त्या सोळा हजारांवर राहिली. देशी प्रवाशांसाठी स्वस्त विश्रामगृहे बांधण्याची तरतूद दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मुख्य ओढ कोठली, ते लपण्याजोगे नव्हते.

आणि घरचा माणूस? त्याचा विचार दुसऱ्या दारांनी झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला साप्ताहिक सुटी व भरपगारी रजा दिली. १९५३ च्या कायद्याने मुंबई राज्यात कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यातून चाललेल्या कामगार कल्याण केंद्रांत किती गिरणी कामगारांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, कॅरम खेळले, वर्तमानपत्र वाचले, याची मोजदाद नाही. १९५६ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांना रजेत प्रवासभाड्याची सवलत मिळाली. म्हणजे कारखान्यातला माणूस आणि सरकारी नोकर यांना थोडे काही मिळाले. सुरत-भुसावळ लोहमार्गावरून आपल्या दोंडाईच्याच्या स्टेशनात गाड्या येतजात राहिल्या. सवलतीचा पास खिशात असलेला बाबू त्यांत बसून रामेश्वरला गेला. पण शेतावरचा सालदार, मिरचीच्या पथारीवर देठ खुडणारी बाई, बाजार समितीतला हमाल यांच्या खिशात कोणता पास होता?

महाराष्ट्राचे पर्यटन विकास महामंडळ १९७५ च्या जानेवारीत निघाले. त्याने पुष्कळ केले; अजिंठ्याच्या पायथ्याशी, समुद्रकाठी, डोंगरमाथ्यांवर राहण्याच्या सोयी झाल्या. आमचे तोरणमाळ, जे १९९८ पर्यंत याच धुळे जिल्ह्यात होते आणि मग नंदुरबारमध्ये गेले, तेही नकाशावर आले. २०१६ ते २०१९ या काळात तर राज्याचे पर्यटन खाते आपल्याच गावच्या जयकुमार रावळ यांच्याकडे होते. याच सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला 'चेतक महोत्सवा'चे रूप आले. तंबू उभे राहिले, जाहिराती झळकल्या.

सारंगखेडा येथे कोणाला ठाऊक नाही? शहाद्याच्या वाटेवर तापी लागली, की एकमुखी दत्ताचे मंदिर. दत्तजयंतीला यात्रा, आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. पंजाब, राजस्थान, काठेवाडाकडून घोडे येतात. व्यापारी दात पाहतात, शौकीन चाल पाहतात, आणि आम्ही पोरे असताना दोन्ही पाहणाऱ्यांना पाहत असू. महोत्सवासाठी सरकारी महामंडळाने एका बाहेरच्या कंपनीशी करार केला होता. तो २०१८ मध्ये सरकारनेच रद्द केला. करार कोणाचा चुकला, हा आमचा विषय नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे, की करार झाला तेव्हा घोडे त्यासाठी प्रथम आले नव्हते, आणि तो मोडला म्हणून त्यांनी तापीची वाट सोडली नाही. खात्याने यात्रेला मदत जरूर करावी. रस्ता, पाणी, दिवे, दवाखाना, बायकांसाठी आडोसा, हे सारे त्याने द्यावे. पण यात्रेचे खाते जे चालवतात ते वेगळेच लोक आहेत.

येथे आम्ही आजच्या विषयाच्या मर्माशी आलो. आपल्या खानदेशात पर्यटन व मनोरंजन यांचे एक जुने एकत्रित खाते आहे. त्याला मंत्री नाही, सचिव नाही. त्याचे नाव आखाजी.

हसू नका. नीट विचार करा. इतरत्र अक्षय्य तृतीया म्हणजे एक शुभ मुहूर्त. आपल्याकडे आखाजी म्हणजे वर्षाचा सांधा. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे धरले जाते. जुना हिशेब चुकता झाला, नवा ठरावयाचा आहे, त्या मधल्या दिवसांत त्या माणसावर कोणाचा हुकूम नाही. तीच त्याची वार्षिक रजा. आणि सासुरवाशीण? तिला घ्यायला माहेराहून मूळ येते. वर्षभर जी गावाच्या शिवेबाहेर पडली नाही ती गाडीत बसून माहेरी निघते. तेच तिचे पर्यटन. माहेरी गौराई मांडलेली, निंबाच्या झाडाला झोका बांधलेला, सख्या जमलेल्या, आणि अहिराणी गाणी. तेच तिचे मनोरंजन. 'आखाजी उनी' एवढे दोन शब्द ऐकले, की आजही म्हाताऱ्या बायांचे डोळे बदलतात. प्रवास आणि विरंगुळा, रजा आणि गाणे, चारही खिडक्या एका निंबाखाली!

तथापि, आम्ही येथे जुन्याचे पोवाडे गाण्यास उभे नाही. आखाजीत खोट होती, तीही मांडली पाहिजे. पुरुषांची आखाजी पुष्कळ ठिकाणी पत्त्यांच्या डावावर गेली, आणि सालभराचा चुकता झालेला हिशेब एका रात्रीत पुन्हा थकला. जिचे आईबाप गेले, भाऊ विसरला, तिला मूळ आले नाही. ती त्या दिवशी सासरच्या दारात उभी राहून दुसऱ्यांच्या गाड्या मोजत राहिली. सालदाराची ती सुटी प्रथेने मिळे, हक्काने नव्हे. धन्याने उचल दिलेली असेल तर ती आदल्याच दिवशी संपे. प्रथेत माया असते, पण तक्रार करावयाला जागा नसते. लोखंडे यांनी रविवार मागितला तो याचसाठी. ज्याला कोणी बोलावणारे नाही, त्यालाही सुटी मिळावी, यासाठी कायदा लागतो, खाते लागते, नगरपालिका लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की या दोन्ही गोष्टींचा सांधा जुळला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या खात्यात हक्काचा विचार होता, पण त्याची मुळे तीन वर्षांत किती खोल जाणार? आखाजीची मुळे खोल आहेत, पण तीत हक्क नाही. हा सांधा मुंबईत किंवा दिल्लीत जुळणार नाही. तो गावात जुळेल.

आणि गावात तो कोठे अडतो, तेही सांगतो. १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा आहे. त्यात नगरपरिषदेची कामे दोन भागांत मांडली आहेत: काही आवश्यक, काही ऐच्छिक. पाणी, दिवे, सफाई, रस्ते ही आवश्यक. बागा, वाचनालये, सभागृहे यांसारखी कामे ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे पैसा उरला तर आणि मनात आले तर. पैसा कधी उरत नाही, हे आपण सारे जाणतो. मनात येणे तेवढे आपल्या हाती आहे. नगरसेवकाच्या मनात काय येते ते मतदाराच्या तोंडी काय आहे यावर ठरते. उमेदवार दारी आल्यावर आपण गटार विचारतो, नळ विचारतो. ते विचारलेच पाहिजे. पण मैदानाचे काय, असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? संध्याकाळी बायकांना निर्धास्त बसता येईल अशी एक जागा कोठे आहे, असे किती भगिनींनी विचारले? ज्या गोष्टीला नागरिक ऐच्छिक मानतात, तिला कायदा आवश्यक कशाला मानील?

आमची मागणी मोठी नाही. परदेशी तलाव नको, रंगीत कारंजी नकोत. आहे ते मोकळे मैदान नगरपालिकेच्या दप्तरी मैदान म्हणून कायम नोंदवावे, आणि त्यावर गाळे उठू देऊ नयेत. पथारीवर आणि बाजारात राबणाऱ्यांच्या वस्तीजवळ वाचनालयाची एक शाखा संध्याकाळी उघडी असावी. आणि आखाजीच्या दिवशी, ज्या लेकीबाळींना मूळ आले नाही त्यांच्यासाठी, गावाने सार्वजनिक जागी झोके बांधावेत. शेवटच्या कामाला तर ठरावही नको. दोर आणि निंब पुरे.

हे लोकांनीच करावयाचे, असे आम्ही म्हणतो तेव्हा कोणाला ते अशक्य वाटेल. त्यांनी आपण या क्षणी बसलो आहोत त्या मांडवाकडे पाहावे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. उन्हाळ्याच्या सुटीत संध्याकाळी गावाने जमावे, काही ऐकावे, वाद घालावा, गार वाऱ्यात घरी जावे. सरकारी खाते यामागे नव्हते; उलट तेव्हाचे सरकार अशा जमावांकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहत असे. ती चाल गावोगाव गेली. वर्गणी जमवणारे बदलले, वक्ते बदलले, मांडव राहिला. मनोरंजन म्हणजे केवळ हसणे-नाचणे नव्हे, हे तुम्ही आज तासभर आमचे ऐकून सिद्धच केले आहे!

आता येथून घरी जाताना एक करा. उद्या सकाळी पथारीवरून मिरचीने झोंबलेले हात घेऊन परतणारी एखादी बाई तुम्हांला रस्त्यात भेटेल. तिला विचारा, शेवटची सुटी तिने केव्हा घेतली, आणि त्या दिवशी ती कोठे गेली होती. ती जे उत्तर देईल ते पुढच्या वसंतात या मांडवात कोणीतरी उभे राहून सांगावे. आमच्या भाषणापेक्षा ते ऐकणे अधिक मोलाचे ठरेल.